जावयाचं कोरल

"पान उलटं करा," हे दिनकररावांचं दुकानातलं ठरलेलं वाक्य. परभणीच्या मोंढ्याजवळ त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. कुणी कपाशीचं पान रुमालात गुंडाळून आणो, कुणी सोयाबीनचं अख्खं झाड उपटून आणो, दिनकरराव चष्मा कपाळावर सरकवून आधी पानाची खालची बाजू बघणार. "वरून समदं हिरवं दिसायलंय. अंडी खाली हायेत," असं म्हणत फळीवरची बाटली काढणार आणि देता देता दोन शब्द सुनावणार. "पेरायच्या आधी बियाण्याला औषध चोळा म्हणलं होतं का न्हाई? चोळलं? न्हाई ना? मग आता बसा फवारत." शेतकरी मुकाट ऐकून घेत. जीभ तिखट असली तरी औषध लागू पडतं, अशी त्यांची वालूर-जिंतूरपर्यंत ख्याती.

असा हा माणूस घरी समुद्र पाळत होता. एकदा दुकान बंद ठेवून ते बायकोला, कमलबाईंना, आणि लेकीला घेऊन कोकणात गेले होते. तारकर्लीला होडीवाल्याने त्यांच्या तोंडावर काचेचा मुखवटा चढवला आणि मान धरून डोकं पाण्यात घातलं. वालूरच्या मळ्यातल्या विहिरीतही कधी न उतरलेला माणूस. आधी हातपाय झाडले, मग एकदम शांत झाला. खाली दगडावर फुलं उमललेली होती आणि ती फुलं जिवंत जनावरासारखी मिटत होती, उघडत होती. वर आल्यावर दिनकरराव जे मुके झाले ते कोल्हापूर येईपर्यंत. कमलबाईंना वाटलं, कानात पाणी गेलं असेल.

परत आल्यावर बैठकीत काचेची लांबलचक टाकी आली. मीठ पुण्याहून, यंत्रं पुण्याहून, अक्कल मोबाइलवरून. पाणी गाळायला एक यंत्र, हलवायला दुसरं, उन्हाळ्यात थंड ठेवायला तिसरं. लाइट गेली की इन्व्हर्टर चालू, पण तो फक्त टाकीला. माणसांनी घाम पुसत बसायचं. मे महिन्यात कमलबाई वर्तमानपत्राने वारा घेत टाकीकडे बघून म्हणायच्या, "पुढच्या जन्मी मासोळी व्हावं, पण ह्यांच्याच घरची." शेजारीपाजारी तर सोडतच नसत. "दिनकरराव, हितं प्यायच्या पाण्याची बोंब, अन् तुमी समुद्र पाळायलाव!"

टाकीत मासे होते, झिंगे होते, पण दिनकररावांचा जीव होता तो एका कोरलमध्ये. कोरल दिसायला फूल, पण असतो तो जीव. हे शर्टाच्या बटणाएवढ्या फुलांचं होतं, हिरवी फुलं, त्यांना नारिंगी काठ. लेक राजेश्रीला, म्हणजे घरातल्या राजूला, पुण्याच्या कॉलेजात घालायला गेले तेव्हा बापलेक एका माणसाकडे गेले होते. तो घरच्या टाकीत कोरल वाढवून त्याचे तुकडे विकायचा. समुद्रातून ओरबाडलेलं काही घ्यायचं नाही, ही दिनकररावांची अट. तिथे राजूने बोट दाखवलं ते अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यावर. त्यावर दोन-तीनच फुलं. बघता बघता ती पसरत गेली, मोठ्या दगडावर चढली, आणि राजूचं शिक्षण होऊन नोकरी लागेपर्यंत परातीएवढा गालिचा झाला. राजूचा गालिचा, असंच घरात म्हणत.

मागच्या माघात राजूचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी दिनकरराव रडले नाहीत. मांडव उतरला, पाहुणे पांगले, आणि मग ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसले आणि शर्टाची बाही ओली होईपर्यंत रडले. तेव्हापासून रोज दुकानातून आलं की चहाचा कप घेऊन तिथेच बैठक. गालिचा उमललेला असला की त्यांना बरं वाटे. पोर सासरी गेली, पण घरातून गेली नाही, असं काहीतरी मनात येई आणि ते कुणाला सांगता येत नसे.

या टाकीचा एक कायदा होता. विकत आणलेल्या कोरलसोबत न बोलावलेले पाहुणे येतात, हे दिनकरराव सुरुवातीलाच ठेच लागून शिकले होते. एकदा एका दगडाला चिकटून काचेसारखं पारदर्शक फूल आलं. मोठं गोजिरवाणं. राहू दिलं, तर महिन्याभरात सगळीकडे तेच झालं आणि शेजारच्या कोरलांना डंख मारत सुटलं. निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. मग कायदा झाला: नवीन तुकडा कुणाकडूनही येवो, आधी त्याला तांबूस औषधाच्या पाण्यात आंघोळ. पिचकारीने सांदीकोपरे झोडपायचे. खालचा दगड छिन्नीने उडवून टाकायचा, कारण औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. आणि नंतर कित्येक आठवडे मागच्या बोळात, एका छोट्या टाकीत एकट्याने मुक्काम. खारं पाणी सांडलं तर मोरीत जावं म्हणून ही छोटी टाकी न्हाणीघर-संडासाच्या दाराशी होती. तिला घरातली माणसं दवाखाना म्हणत. "अहो, ही बीजप्रक्रियाच की," दिनकरराव अभिमानाने सांगायचे.

यंदा अधिक महिना जेठात आला. आपल्याकडे अधिकात जावयाला नारायण समजून जेवू घालतात. पुरण भरलेले धोंडे, तबकात अनारसे, वर दिवा, नवे कपडे. त्यात हे पहिलंच वर्ष. कमलबाई आठ दिवस आधीपासून कामाला लागल्या होत्या, आणि त्यांना धाकधूकही होती. लग्नात जावयाच्या चुलत्याला फेटा बांधायला उशीर झाला म्हणून ते जिंतूरकर पंगतीतून उठले होते. हातापाया पडून त्यांना परत बसवावं लागलं होतं. तेव्हापासून कमलबाईंच्या डोळ्यांपुढे तो फेटा नाचायचा.

जावई मात्र गरीब गाय. बालाजी त्याचं नाव. मूळ जिंतूरचा, पुण्याला कंपनीत. बोलायचं असलं की आधी घसा खाकरायचा आणि समोरच्याने बघितलं की बहुतेक वेळा बोलायचंच नाही. राजूला घेऊन तो आला तो थर्माकोलचा डबा छातीशी धरून. पुण्याहून सबंध प्रवास त्याने तो मांडीवर घेऊन केला होता, पाय अवघडले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"मामा, तुमच्यासाठी," तो म्हणाला. धोंड्याला जावयाने घ्यायचं असतं, आणायचं नसतं. पण ह्याने आणलं.

डब्यात पाण्याची पिशवी आणि पिशवीत कोरल. राजूच्याच जातीचं, बटणफुलांचं, पण गर्द जांभळं. दिनकररावांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. बोहल्यावरून उतरून चार महिने झालेला पोरगा सासऱ्याचं वेड लक्षात ठेवतो, हे काय थोडं झालं? आणि त्याच क्षणी, सवयीने, त्यांची नजर तुकड्याच्या खालच्या बाजूला गेली. दगडाच्या भेगा दिसल्या. हात खिशातल्या भिंगाकडे गेला आणि तिथेच थांबला. जावयाने आणलेल्या वस्तूला भिंग लावायचं, म्हणजे व्याह्याने घातलेला दागिना त्याच्यादेखत सोनाराकडे पाठवायचा.

ते पिशवी घेऊन मागे निघाले. स्वयंपाकघराच्या दारात कमलबाई उभ्या.

"कुठं निघालाव?"

"दवाखान्यात ठिवतो."

"संडासाच्या दाराशी?" कमलबाईंचा आवाज खाली आला, पण धार वाढली. "जावायानं पहिल्या धोंड्याला आणलेली वस्तू तिथं ठिवताव? जिंतूरला कळलं तर काय म्हणतील? त्या फेट्याचं अजून निवलं न्हाई."

"अगं, ह्याच्यात काही असलं तर…"

"तर उद्या बघा. एका दिवसानं काय होतंय?"

एका दिवसाने काय होतंय. हेच वाक्य दुकानात कुणी शेतकरी बोलला असता तर दिनकररावांनी त्याला उभा सोलला असता. पण बैठकीत जावई बसला होता, नव्या सदऱ्यात, गुडघे जुळवून, आपलं कोरल पाण्यात कधी सुटतंय म्हणून टाकीकडे बघत. दिनकरराव परत फिरले. बाह्या सारल्या, जांभळा तुकडा पाण्यात उतरवला आणि उजेड चांगला येतो अशा मानाच्या जागी ठेवला. मानाची जागा म्हणजे राजूच्या गालिच्याला लागून.

तेवढ्यात राजू अनारशांचं तबक घेऊन आली. वडिलांचा हात टाकीत बघून तिचं तोंड उघडलं. दिनकररावांनी डोळ्यांनीच तिला गप केलं. बालाजीने घसा खाकरला, आपल्या बॅगेकडे बघितलं, पुन्हा टाकीकडे बघितलं आणि नीट सरसावून बसला.

"चांगल्या घरचं आलंय," दिनकरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याला काय बघायचं?"

दुसऱ्या दिवशी काढू म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बालाजी सकाळपासून टाकीसमोर मांडी घालून. मोबाइलवर चित्रण करून जिंतूरला पाठवत होता. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची गाडी हलली, तशी दिनकररावांनी तो तुकडा काढला आणि औषधाच्या वाडग्यात धरून पिचकारी मारली. तळाला दोन-चार जांभळ्या चिंध्या पडल्या. भिंगातून बघितलं. बिनशंखाच्या गोगलगायी, तांदळाच्या कणीएवढ्या, पाठीवर झालर. ही जात बटणफुलंच खाते. दिनकररावांनी वाडगा मोरीत रिकामा केला.

जेवढ्या होत्या तेवढ्या वाडग्यात पडल्या असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. जावयाचा तुकडा दवाखान्यात गेला, त्याचा खालचा दगड उडवला, पुन्हा पुन्हा आंघोळी झाल्या. आणि इकडे आषाढात गालिच्याचा एक कोपरा उमलेनासा झाला. उकाडा असेल. लाइट फार गेली, त्याने असेल. मीठ बदललं, त्याने असेल. मग एका सकाळी त्यांना एक फूल चालताना दिसलं.

ह्या गोगलगायी ज्याचं खातात त्याचाच रंग अंगावर घेतात. जांभळं खात होत्या तोवर जांभळ्या होत्या. ही हिरवी होती आणि झालरीला नारिंगी काठ होता. दिनकररावांनी चिमट्याने ती उचलली, आणि तिथेच दुसरी दिसली. मग पिचकारीने गालिच्याची एक कड उलटी केली. खाली, देठांच्या मुळाशी, पांढऱ्या धाग्याच्या गुंडाळ्या चिकटलेल्या होत्या. अंडी. आयुष्यभर पानं उलटी करून लोकांना दाखवलेली गोष्ट आज कुणी त्यांना उलटी करून दाखवत होतं.

त्याच दिवशी दुकानात वालूरचे बन्सीधर आले, वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. कपाशीचं पान पुढे केलं. दिनकररावांनी उलटं केलं, मावा बघितला, बाटली काढून दिली. सुनावलं मात्र काही नाही.

"आज बोलला न्हाईत, मालक," बन्सीधर हसून म्हणाले. "तब्येत बरी हाय ना? आमाला काय, तुमच्या फळीवर समद्याचं औषध हाय, म्हणून बिनघोर हावोत."

दिनकररावांनी वळून फळीकडे बघितलं. फळीवर खरंच समद्याचं औषध होतं. पण टाकीत एक थेंब टाकायची सोय नव्हती. गोगलगायी मरतील, त्यासोबत झिंगे मरतील, मासे मरतील, आणि ज्याला वाचवायचं ते कोरलही मरेल. गालिचा बाहेर काढून त्याला आंघोळ घालावी तर तो एवढा पसरलेला की खालचे सगळे दगड त्याने एकमेकांना शिवून टाकले होते. काढायचा म्हणजे तोडायचा.

ते रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी चिमटा घेऊन बसू लागले. आज वेचाव्या, उद्या तेवढ्याच. अंडी खरवडावीत तर फुलं सोलून निघायची. गोगलगायी खाणारा मासा म्हणून पुण्याच्या मित्राने एक मासा धाडला, तो दोन दिवस वाळूत तोंड खुपसून बसला आणि तिसऱ्या दिवशी मेला. दुकानातला पोरगा म्हणाला, निंबोळी अर्क टाकून बघा. एका संध्याकाळी दिनकरराव स्वतःच्या दुकानातली बाटली घरी घेऊन आले, झाकण काढलं आणि टाकीवर हात धरून उभे राहिले. झिंगा समोर येऊन मिशा हलवत त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी झाकण लावलं. आपण काहीही करू शकत नाही, हे त्यांना आयुष्यात इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं.

कमलबाईंचं मन त्यांना खात होतं. तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण एका अमावास्येला मीठ-मोहऱ्या घेऊन त्यांनी टाकीवरून ओवाळल्या. "दृष्ट लागली बघा मेल्यांची." मिठाच्या पाण्याची मिठाने दृष्ट काढलेली बघून एरवी दिनकरराव पोट धरून हसले असते. आता त्यांनी फक्त बाजूला सरकून जागा करून दिली.

आणि फोन यायचे. "बाबा, ह्यांचं कोरल कसं हाय? ह्यांना दाखवा ना." मागून बालाजीचा घसा खाकरल्याचा आवाज. दिनकरराव मोबाइल घेऊन बोळात जायचे, संडासाचं दार दिसणार नाही अशा बेताने कॅमेरा जवळ धरायचे. जांभळं कोरल छान होतं. का नसणार? त्याचीच तर रोज उठबस होती. दर आठवड्याला औषध, दर आठवड्याला भिंग. उद्या जावयाने विचारलं तर काय दाखवायचं, ही धास्ती. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे घोड्याला चंदी मिळत होती आणि घरचं उपाशी मरत होतं.

"अन् माझा गालिचा?" राजूने एकदा विचारलं.

"हाय की," दिनकरराव म्हणाले आणि रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.

भादव्यातल्या महालक्ष्म्यांच्या आधी त्यांनी छिन्नी उचलली. पाणी गढूळ झालं, दगड सुटले, गालिच्याचे तुकडे हातात आले. औषधाच्या वाडग्यात तळ दिसेनासा होईल इतक्या गोगलगायी पडल्या. राहिलेली फुलं दवाखान्यात ठेवली, पण ती मिटली ती मिटलीच. मग बुळबुळीत झाली, मग पाण्यात विरघळून गेली. शेवटचं फूल राहिलं होतं तेव्हा दिनकरराव दुकानात गेले नाहीत. कमलबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्याही तिथेच भुईवर बसल्या. बोल लावायचा तर कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारे हात आपलेच. संध्याकाळी ते फूलही गेलं.

महालक्ष्म्यांना राजूला रजा मिळाली नाही. बापाला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

दिवाळसणाला मात्र दोघं आली. बालाजीने बॅग खांद्यावरून न उतरवताच टाकी गाठली आणि समोर उकिडवा बसला. त्याचं जांभळं कोरल परत मानाच्या जागेवर आलं होतं, चांगलं वाढलं होतं, एकटंच डुलत होतं. शेजारी उघडा दगड. छिन्नीचे घाव अजून पांढरे दिसत होते.

"मामा, हितं राजेश्रीचं हिरवं होतं ना?"

"उन्हाळा भोवला," दिनकरराव म्हणाले. "लाइट लय गेली यंदा."

बालाजीने घसा खाकरला. दिनकररावांनी त्याच्याकडे बघितलं. या वेळी तो थांबला नाही.

"गोगलगायी तर न्हाई ना निघाल्या, मामा?"

दिनकरराव भिंतीला टेकले. "तुमाला कसं माहीत?"

"दुकानदारानं सांगितलं होतं मला. घेतानाच. म्हणला, ह्या मालात गोगलगाय असू शकते, थेट टाकू नका, धुवा, काही दिवस वेगळं ठिवा. औषधाची बाटलीबी घ्यायला लावली." त्याने बॅगेच्या बाजूच्या कप्प्याची चेन ओढली आणि बाटली काढली. सील तसंच होतं. "तवापासून हितंच हाय. मी म्हणलं, मामा विचारतील तवा देऊ. तर तुमी थेट सोडलं. मला वाटलं, तुमाला इतक्या वर्षांचा अनुभव, तुमी नजरेनंच बघितलं असंल. आता मी तुमाला काय शिकवावं?"

राजू दारात उटण्याची वाटी घेऊन उभी होती. ती उघड्या दगडाकडे बघत होती.

दिनकररावांच्या छातीतून काहीतरी वर आलं. दुकानात येतो तोच आवाज, तोच तिखट. अरे, मग बोलायला काय झालं होतं? तोंड कशाला दिलं देवाने? तो आवाज गळ्यापर्यंत आला. समोर जावई बाटली हातात धरून, मान खाली घालून बसला होता, पहिल्या दिवाळसणाला आलेला.

"बरं केलंत," दिनकरराव म्हणाले. "सासऱ्याला जावायानं शिकवलं असतं तर काय बरं दिसलं असतं का?"

बालाजीच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "तेच म्हणलं मी," तो म्हणाला.

राजूचं तोंड उघडलं. दिनकररावांनी तिच्याकडे बघितलं, धोंड्याला बघितलं होतं तसंच. तिने तोंड मिटलं. डोळ्यांतून मात्र पाणी आलं, आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

दिनकररावांनी जावयाच्या हातातून बाटली घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचली. ते स्वतः वापरत तेच औषध, तीच कंपनी. ती त्यांनी कपाटात आपल्या बाटलीशेजारी ठेवली. आतून कमलबाईंची हाक आली, जावईबापूंना पाठवा, पाणी निवायलंय. दिनकरराव मोरीशी गेले, दवाखान्याची रिकामी टाकी पायाने बाजूला सरकवली आणि जावयासाठी पाट मांडला.